चार पानांचं अपील

पत्र

मॅडम, नमस्कार. मी बार्शीहून लिहिते आहे. माझ्या मुलीला एमएचटी-सीईटीला ९४.३ पर्सेंटाइल मिळाले. आम्ही ओबीसी. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरताना जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं, म्हणून जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडली. प्रमाणपत्र मुदतीत आलं, अपलोडही केलं. पण त्यावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे आणि मुलीच्या दहावीच्या मार्कलिस्टवर नाही, म्हणून तपासणी केंद्राने अर्ज परत पाठवला. आम्हाला ते कळलंच नाही, कारण फॉर्मवर मोबाइल नंबर नेटकॅफेवाल्याचा होता. अंतिम यादीत मुलगी खुल्या प्रवर्गात गेली. पुण्याचं हवं ते कॉलेज हुकलं. शेवटच्या फेरीत सोलापूरला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, तिथे प्रवेश घेऊन ठेवला आहे. मग पुण्याच्या त्याच कॉलेजात संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः घेतं त्या, फेरीला कॉम्प्युटरसाठी अर्ज केला. यादी लागली नाही, फोनवर ‘जागा भरल्या’ एवढंच सांगितलं. पण मुलीच्या क्लासमधल्या ८९ पर्सेंटाइलच्या मुलाला तिथेच कॉम्प्युटर मिळालं. आम्हाला अपील करायचं आहे. आमचे मिस्टर म्हणतात तीन लाख देऊन विषय संपवू. भाऊ म्हणतो आमदारांचं पत्र आणतो. मुलगी म्हणते ड्रॉप घेते, आणि दार लावून बसली आहे. मी लिहिलेल्या अपिलाचा मसुदा सोबत जोडला आहे. कुठे द्यायचा? 
— एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा प्रवेशाची शेवटची तारीख नऊ दिवसांवर होती. सदराच्या पाळीची वाट बघत बसले असते तर माझं उत्तर तुमच्या काहीच कामाचं उरलं नसतं, म्हणून त्याच रात्री मेल केला. इथे छापतोय तो तोच मजकूर आहे, जरा विस्तारून. तुमच्यासारखी आणखी पाच-सहा पत्रं टेबलावर पडली आहेत आणि दुखणं सगळ्यांचं साधारण एकच आहे.

आधी मसुद्याबद्दल. चार पानं, सुरेख अक्षर. सुरुवात ‘माझी मुलगी लहानपणापासूनच अतिशय हुशार व कष्टाळू असून’ अशी. दुसऱ्या पानावर मिस्टरांचं मणक्याचं ऑपरेशन आणि अतिवृष्टीत गेलेलं सोयाबीन. तिसऱ्यावर शिष्यवृत्तीची परीक्षा, चित्रकलेची इंटरमिजिएट, वक्तृत्वाची ढाल. आणि त्याच पानाच्या अगदी तळाला, ‘असे असताना’ म्हणून एका ओळीत: कमी पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला व यादी लावलेली नाही. चौथं पान सगळं विनंतीचं.

मी याला हसत नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते आणि सोळा पावसाळे प्रवेशाच्या कागदपत्र तपासणीच्या टेबलावर काढले. असे अर्ज ढिगाने वाचले, काही वाचून गलबललेही. पण गलबललेला माणूस फार तर ‘बसा, पाणी घ्या’ म्हणतो. जागा देणं त्याच्या हातात नसतं. गुणवत्ता यादी ज्या सॉफ्टवेअरमधून निघते त्यात मणक्याच्या ऑपरेशनला रकाना नाही. आपल्याकडे कचेरीतला अर्ज नवसासारखा लिहायची रीत पडली आहे: आधी देवाची थोरवी, मग आपली दैना, मग मागणं. तुमच्या चार पानांत कामाची ओळ एकच आहे, ती तिसऱ्या पानाच्या तळाची. ती उचलून पहिल्या पानाच्या डोक्यावर ठेवायची आणि बाकीचं सगळं काढून टाकायचं. वाईट वाटेल, पण काढा.

आता ‘अपील’ या शब्दाकडे येऊ. तुम्हाला नकार एक नाही, दोन मिळालेत, आणि पत्रात तुम्ही त्यांची गाठ मारून टाकली आहे. पहिला नकार तपासणी केंद्राचा: वैधता प्रमाणपत्र मान्य झालं नाही. दुसरा पुण्याच्या कॉलेजचा: संस्था स्तरावर घेतलं नाही. दोघांची दारं वेगळी, मुदती वेगळ्या, आणि खरं सांगायचं तर दोघांतला दमही वेगळा. एकाच अर्जात दोन्ही घातलेत तर तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

पहिल्याबद्दल थोडं कडू बोलते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी खिडकी उघडते, साधारण तीन दिवसांची. लॉगिनमधूनच हरकत नोंदवायची, कागद जोडायचा, आणि ती मान्य की अमान्य हे कारणासकट तिथेच दिसतं. ‘राव’चा प्रश्न त्या तीन दिवसांत सुटण्यासारखा होता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, सोबत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि केंद्रावर जाऊन शांतपणे बोलणं, एवढं पुरतं बहुतेक वेळा. आमच्या भागात अर्धा गाव कुठल्या ना कुठल्या कागदावर ‘राव’ आहे आणि दुसऱ्या कागदावर नाही. टेबलावरच्या माणसाला हे काही नवीन नसतं.

माझ्याच हातून असं झालंय. एका वर्षी, यादीच्या आदल्या संध्याकाळी, मी एका मुलीचा नॉन-क्रीमी लेअरचा दाखला मुदत संपलेला समजून अर्ज परत पाठवला. दाखल्यावरची ३१ मार्चची तारीख वाचताना वर्ष चुकले होते. सकाळी साडेनऊला तिचे वडील आले. हातात एकच कागद. त्यावर अर्ज क्रमांक, परत पाठवल्याची वेळ, दाखल्याची झेरॉक्स आणि वर्षाभोवती पेनाने केलेला गोल. तोंडाने म्हणाले फक्त, ‘मॅडम, हे एकदा बघता का?’ वीस मिनिटांत काम झालं. चूक माझी होती आणि त्यांनी मला ती कबूल करायला सोपी करून दिली. त्याच दिवशी दुपारी दुसरे एक गृहस्थ आले. त्यांची बाजूही खरी असावी, पण तासभर ते आमच्या खात्याचा उद्धार करत होते, आणि कागद मात्र गावी राहिला होता.

तुमच्या बाबतीत ती खिडकी बंद झाली आणि संदेश नेटकॅफेवाल्याकडे गेला. मेसेज मिळाला नाही ही सबब चालत नाही. लॉगिन बघत राहण्याची जबाबदारी उमेदवाराची असते, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपल्या, त्या जागा भरल्या. आता या पहिल्या नकारावर ताकद खर्चू नका असंच मी सांगेन.

तुम्ही म्हणाल, सुप्रीम कोर्टाने आयआयटीच्या मुलांना नाही का प्रवेश दिला? तुमच्या भावाने ते कात्रणही पाठवलंय. ती दोन्ही प्रकरणं जरूर वाचा, पण नीट वाचा. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत सिव्हिलला जागा मिळालेल्या एका मुलाची फी क्रेडिट कार्डाने भरताना अडकली. तो पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिला, पैसे उसने घेऊन प्रवेशाचं काम बघणाऱ्या खरगपूरच्या आयआयटीत स्वतः जाऊन उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयात हरला, तरी थांबला नाही. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल मिळालं होतं. १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. पैसे गोळा करता करता वेळ निघून गेली आणि पोर्टल बंद झालं. तो झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, तिथून मद्रास उच्च न्यायालयात, तिथून दिल्लीला. ३० सप्टेंबरला निकाल त्याच्या बाजूने लागला. दोन्ही वेळी कोर्टाने घटनेचं १४२ वं कलम वापरलं. ‘संपूर्ण न्याय’ करण्याचा तो अधिकार एकट्या सुप्रीम कोर्टाकडे आहे, उच्च न्यायालयाकडे तो मागता येत नाही. आणि दोन्ही मुलांकडे पहिल्या तासापासून आपण काय काय केलं याचा पुरावा होता. तुमच्याकडे त्या तीन दिवसांचं काहीच नाही, ताई. तुम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. वाईट आहे, पण कोर्टात नेण्यासारखं नाही.

व्यवस्थेची चूक नेमकी दाखवली तर ती मागे हटते, हेही खरं आहे. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सीईटीच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. मुलांनी प्रश्न क्रमांकासकट ओरड केली आणि त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा झाली. ‘पेपर अवघड होता, मुलांवर अन्याय झाला’ एवढंच कुणी म्हटलं असतं तर काही हाललं नसतं.

दुसऱ्या नकारात मात्र जीव आहे. विनाअनुदानित खाजगी कॉलेजांच्या प्रवेशाला आणि फीला आपल्याकडे २०१५ चा कायदा आहे. संस्थेच्या कोट्यातल्या जागा असोत किंवा कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या, त्या ‘मॅनेजमेंटच्या’ म्हणून कुणाच्या खिशातल्या होत नाहीत. जाहिरात द्यायची, अर्ज घ्यायचे, गुणवत्ता यादी लावायची, आणि त्या क्रमाने प्रवेश द्यायचे. हे नीट झालं की नाही ते बघायला प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. कॉलेजने दिलेले प्रवेश शेवटी त्याच्याकडे मान्यतेला जातात. म्हणजे तुम्हाला दयेची भीक मागायची नाही. ज्या यादीवरून प्रवेश दिले ती दाखवा, एवढंच म्हणायचं आहे.

पण लढाईला निघण्याआधी एक थंड विचार करा. ८९ वाला मुलगा दुसऱ्या दाराने आत गेला असू शकतो. त्याचा नंबर देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेच्या गुणांवर लागला असेल. कॉलेज भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाचं असेल तर त्या समाजाच्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो. अनिवासी भारतीयांच्या जागा वेगळ्या. तो मुलगा कॉम्प्युटरला आहे की कॉम्प्युटरच्याच कुळातल्या एखाद्या नव्या नावाच्या शाखेला, हेही क्लासच्या गप्पांत नीट कळत नाही. हल्ली एकाच कॉलेजात त्या कुळातल्या चार-पाच शाखा असतात. म्हणून त्याचं नाव अर्जात घालू नका. तुमच्या हातात पुरावा नाही, आणि पोराचा त्यात काही दोषही नाही. प्रश्न असा विचारा की त्याच्या प्रवेशाचं कारण उत्तरातून आपोआप बाहेर येईल.

चार पानांच्या जागी हे पाठवा. तारखा आणि क्रमांक तेवढे भरा.

‘प्रति, मा. प्राचार्य. विषय: संस्था स्तरावरील प्रवेश, संगणक अभियांत्रिकी, गुणवत्ता यादी व नकाराचे कारण मिळण्याबाबत. महोदय, मी वरील फेरीसाठी अमुक तारखेला अर्ज केला. पोच क्रमांक अमुक. माझे एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल ९४.३ आहेत. अमुक तारखेला दुपारी अमुक वाजता दूरध्वनीवर मला जागा भरल्याचे सांगण्यात आले. कृपया लेखी कळवावे: या फेरीची गुणवत्ता यादी व त्यातील माझा क्रमांक, या शाखेतील शेवटचा प्रवेश कोणत्या परीक्षेच्या किती गुणांवर व कोणत्या प्रकारच्या जागेवर झाला, माझे नाव यादीत नसल्यास त्याचे कारण. प्रवेशाची अंतिम तारीख अमुक असल्याने उत्तर दोन दिवसांत मिळावे, ही विनंती. प्रत: प्रवेश नियामक प्राधिकरण, मुंबई, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई, सहसंचालक, तंत्रशिक्षण, पुणे विभाग.’

बस. यात ‘अन्याय’ हा शब्द नाही, ‘हुशार’ नाही, ‘गरीब’ नाही. हे वाचून प्राचार्यांना गलबलून येणार नाही, पण कुणाला तरी यादी उघडायला सांगावी लागेल. ‘प्रत’च्या तीन ओळी खरं काम करतात; त्या नुसत्या शोभेला लिहू नका, खरोखर पाठवा. मेल करा, आणि छापील प्रत पुण्याला जाऊन आवक खिडकीवर द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर बाहेरच्या बाकावर बसा. बार्शीहून पहाटेची एसटी धरलीत तर दुपारी काम आटोपून रात्री घरी याल.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि त्यात तिच्यापेक्षा कमी गुणांचा प्रवेश त्याच प्रकारच्या जागेवर दिसला, तर तिसऱ्या दिवशी प्राधिकरणाकडे तक्रार. तीही एक पानाची, पहिल्या पत्राची शिक्क्याची प्रत जोडून. माहितीचा अधिकार इथे वापरायला अनेक जण सांगतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज होतो हे खरं, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि तुमच्याकडे नऊ आहेत. नंतर भांडायचं असेल तर कामाला येईल, आज नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला सगळ्यात मोठी वाटते. समजा तुम्ही जिंकलात. काय मिळेल? पुण्याची संस्था स्तरावरची जागा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. पण प्रवेश कॅपमधून झालेला असेल तरच. संस्था स्तरावरच्या जागेला ही माफी नाही. म्हणजे सोलापूरला तुमची मुलगी शिकवणी फी न भरता शिकू शकेल, आणि पुण्याला तुम्ही चार वर्षं पूर्ण फी भराल, वर पुण्यातलं राहणं-खाणं. दोन्ही कॉलेजांच्या फीचे आकडे त्यांच्या वेबसाइटवर असतात. कागद घ्या, चारने गुणा आणि मग अपिलाचं ठरवा. पुण्याचं कॉम्प्युटर त्या रकमेला परवडतं असं तुमचं तिघांचं मत झालं तर खुशाल लढा. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हा हिशेब न करता लढू नका.

सोलापूरचा प्रवेश मात्र पुण्याचा कागद हातात येईपर्यंत रद्द करू नका. कुणी कितीही सांगो, ‘आधी तिकडचं रद्द करा, मग इकडचं बघू’, नाही म्हणा. अंतिम तारखेच्या आत रद्द केलं तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून फी परत मिळते, तेव्हा घाई करायचं कारण नाही. तारीख मात्र ओलांडू देऊ नका. आणि वैधता प्रमाणपत्र आता हातात आहेच, तेव्हा सोलापूरच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ते घेऊन जा आणि प्रवेश खुल्या प्रवर्गातून झाला असला तरी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फीमाफीचा अर्ज कसा भरायचा ते याच आठवड्यात विचारून घ्या. ‘राव’चं प्रतिज्ञापत्रही आताच करून ठेवा, तोच दगड तिथेही पायात येईल.

मिस्टरांना सांगा, तीन लाखांची पावती मिळत नाही. शिक्षणसंस्थांनी अशी देणगी घेण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे पैसे पाकिटातून जातात आणि त्यांचा माग राहत नाही. गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश प्राधिकरणाने मान्य केला नाही तर मुलगी वर्गात बसलेली असते आणि नाव कुठेच नसतं. तेव्हा ते पैसे मागायला कुणाकडे जाणार? मणक्याच्या ऑपरेशननंतर माणसाला कटकट नको वाटते, हे मी समजू शकते. पण ही कटकट टाळण्याची वाट नाही.

भावाला दुखवू नका, पण आमदारांच्या पत्राचं काय होतं ते सांगते. आमच्या खणात ती रबरबँड लावून ठेवलेली असायची. प्रत्येकावर एकच ओळ: ‘सोबतच्या अर्जाचा विचार होऊन नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.’ नियमानुसारच कार्यवाही व्हायची, पत्र नसतं तरी तीच झाली असती. भावाला पुण्याला सोबत जायला सांगा. बाकावर बसायला माणूस लागतोच.

आता दाराआडच्या मुलीबद्दल. ड्रॉपचा निर्णय या नऊ दिवसांत घेऊ नका, एवढंच. पुन्हा सीईटी देऊन ९४ चे ९७ होतीलही, ९१ ही होतील. सोलापूरला पहिलं वर्ष नीट केलं तर दुसऱ्या वर्षी रिकाम्या जागांवर शाखा किंवा कॉलेज बदलण्याची प्रक्रिया असते, तिथे पहिल्या वर्षाचे गुण बघतात. आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली किती मुलं पुढे सॉफ्टवेअरमध्ये जातात हे मी विद्यार्थ्यांच्या लग्नाच्या पत्रिकांवरून सांगू शकते. पण हे सगळं आता तिला ऐकवू नका. वरचा अर्ज तिला लिहायला द्या. अर्जदार ती आहे, सही तिची लागेल, आणि पोच क्रमांकही तिच्याच मेलमध्ये सापडेल. तुम्ही लिहिलेली चार पानं तिने वाचली असतील तर मला वाटतं ती दार लावून बसण्याचं ते एक कारण असू शकेल. आपली दैना परक्या माणसापुढे मांडलेली अठरा वर्षांच्या पोरीला आवडत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी, ज्यांची मुलं यंदा अकरावीत गेली आहेत: वैधतेचा अर्ज आताच कॉलेजमार्फत करा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा उतारा, आणि ती शाळा बऱ्याचदा दुसऱ्याच तालुक्यात निघते. उतारा मिळाला की सगळ्या कागदांवरची नावं एकाखाली एक लिहून बघा. फरक दिसला तर तेव्हाच निस्तरा. अजून एक, जे फार कुणाच्या लक्षात येत नाही: इंजिनिअरिंगला बारावीच्या ठरावीक तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीवला ४०. वैधता न आल्याने खुल्यात ढकललेलं ४२ टक्क्यांचं मूल नुसतं यादीत खाली जात नाही, अपात्रच होतं.

ताई, अर्ज दिल्यावर कॉलेजातून फोन येण्याची शक्यता बरीच आहे. गोड बोलतील, ‘एकदा भेटायला या, लेखी कशाला’ म्हणतील. ‘हो’ म्हणू नका, ‘नाही’ही म्हणू नका. ‘मेलवर कळवा, मुलगी बघते’ एवढंच सांगा आणि फोनची वेळ वहीत लिहा. आणि महाडीबीटीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर या खेपेला तुमचा स्वतःचा टाका.